म्हाताऱ्याची खुर्ची

आमच्या शेजारच्या मामांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही की गाव. मी ट्रंक आणि वळकटी घेऊन क्वार्टरच्या पायरीवर किल्लीची वाट बघत बसलो होतो. ते बाजूच्या दारातून बाहेर आले, मधलं बोट वाकवून माझ्या पाठीवर दोनदा ठोकलं, मान तिरकी करून क्षणभर ऐकलं आणि घरात तोंड करून म्हणाले, "टन्न हाय वो. चाय मांड."

मी लाखनीचा. कंपाउंडरकी शिकून खाणीच्या दवाखान्यात नोकरीला लागलो होतो. तुमसरहून चिखल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जंगलाच्या कडेला, तेव्हा मँगनीजची एक लहानशी खाजगी खाण होती. आता तिथे पाणी साचलं आहे आणि खाणीचं नावही कुणी काढत नाही, तेव्हा मीही काढत नाही. सत्तरीच्या दशकातली शेवटची काही वर्षं आणि ऐंशीची सुरुवातीची, एवढा माझा तिथला मुक्काम. त्यातला जवळजवळ प्रत्येक रविवार मी मामांच्या घरी एका परदेशी म्हाताऱ्याची पेटी ऐकण्यात घालवला. हे लाखनीत कुणाला सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग दयेने माझ्या बायकोकडे.

मामा खाणीत मेट होते. जमिनीखाली काम करणाऱ्या टोळीचा म्होरक्या म्हणजे मेट. पाळी सुरू व्हायच्या आधी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आत जायचं आणि डोक्यावरचं छत जागोजागी ठोकून ऐकायचं, हे त्यांचं पहिलं काम. धड दगड टन्न वाजतो. सुटायला आलेला दगड भद्द वाजतो. मामांनी टन्न म्हटलं की वीस माणसं आत जात. भद्द म्हटलं की वीसही बाहेर बिड्या ओढत थांबत, मग मॅनेजर स्वतः येऊन उभा राहिला तरी कुणी हलत नसे. इतक्या वर्षांत मामांच्या टोळीत कुणाच्या पायाचं बोटसुद्धा चेंगरलं नव्हतं, आणि ते सगळं त्यांच्या कानावर चाललं होतं.

असा कान घेऊन माणूस वर आला की तो वरच्या जगालाही सोडत नाही. तुमसरच्या बाजारात मामा भोपळा ठोकत, मडकं ठोकत आणि मडकं विकणाऱ्याची खाटही ठोकत. थोरल्या मुलीसाठी स्थळ बघायला गेले, तर पोहे येईस्तोवर त्यांनी नवऱ्या मुलाच्या घराच्या तीन भिंती ठोकून झाल्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाले, "भिंती टन्न, सासरा भद्द." लग्न झालं, आणि सासऱ्याबद्दलचा निकाल मामींच्या म्हणण्याप्रमाणे तंतोतंत खरा निघाला.

तर पेटीचं असं झालं. मी येण्याच्या दोनेक वर्षं आधी खाणीतले एक साहेब नोकरी सोडून गेले आणि जाताना घरातलं सामान वाटून गेले. हजेरीबाबूला टेबलफॅन मिळाला, ड्रायव्हरला कुत्रा, आणि मामांना एक रेकॉर्ड प्लेअर आणि चार रेकॉर्डी. प्लेअरचा आतला रबरी पट्टा तुटलेला होता, म्हणूनच बहुधा तो मामांच्या वाट्याला आला. मामांनी वसाहतीतल्या सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबची एक गोल चकती कापून घेतली, ती पट्ट्याच्या जागी चढवली आणि म्हातारा वाजायला लागला.

त्याला म्हातारा हेच नाव होतं. कव्हरवर त्याचा फोटो होता. पांढरे केस, मोठाले कान, शिरा आलेले हात आणि पुढ्यात काळा चकचकीत पियानो. खाली इंग्रजीत नाव छापलेलं होतं, ते मी पहिल्याच रविवारी वाचून दाखवायला गेलो आणि अर्ध्यात अडकलो. मामा म्हणाले, "नाव ऱ्हाऊ दे. उमर लिहिली हाय का?"

लिहिली होती. या रेकॉर्डी त्याच्या सत्याहत्तराव्या वर्षी केलेल्या होत्या.

"सत्याहत्तर," मामा म्हणाले. "अन् अजून कामावर? आमाले साठीत काढतेत. त्यानं सर्व्हिस बुकात जन्मतारीख कमी लिवली असंल."

मामांची स्वतःची जन्मतारीख त्यांच्या वडिलांनी 'आंबागडचा तलाव फुटला त्याच्या दुसऱ्या साली' अशी सांगितली होती आणि बाबूने त्यातून एक जुलै काढली होती, त्यामुळे या विषयात त्यांना अधिकार होता.

पियानोला मामा पेटीच म्हणत. आपल्याकडे हार्मोनियमला पेटी म्हणतात, आणि हीही काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचीच, तेव्हा त्यांचं काही चुकत नव्हतं. पण हा शब्द आमच्या पेटीमास्तरला फार लागायचा. पेटीमास्तर म्हणजे मामांच्याच टोळीतला एक तिशीतला गडी. दिवसा खाणीत दगड फोडायचा आणि गुरुवारी भजनात पेटी वाजवायचा. तो एकदा मुद्दाम ऐकायला आला. कव्हर हातात धरून, उलटंसुलटं करून त्याने विचारलं, "मामाजी, याले भाता कुठं हाय? हवा कोन मारते?"

"दोनी हात तं वाजवाले लागले हायेत त्याचे. हवा मारायले तिसरा हात कुठून आनंल तो?"

"मंग बिनहवेची पेटी वाजते कशी?"

"ठोकून," मामा म्हणाले. "आत तारा हायेत, वरून ठोकते तो. आपलंच काम हाय ते."

पेटीमास्तर दहा मिनिटं बसला आणि एवढ्या वेळात आपण तीन अभंग उरकले असते असं म्हणून उठला. मामांनी त्याची पाठमोरी आकृती दारापर्यंत नजरेने पोचवली. "हा सुरांवरून पळत जाते," ते मला म्हणाले. "जवान हाय, पळनारच. म्हाताऱ्याचं पाहा कसं हाय. एक सूर ठोकते, थांबते, आयकते. टन्न वाजला तरच पुढं पाय ठेवते. सत्याहत्तर वर्सं उगाच नाही जगला."

आणि खरंच तो तसाच वाजवायचा. एक सूर पडायचा, खोलीत फिरायचा, खिडकीतून बाहेर जाऊन समोरच्या मोहाच्या झाडाला टेकून परत यायचा, आणि मग कुठे दुसरा. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सुरुवातीचे काही रविवार मी मामींच्या चहासाठी बसलो, नंतरचे मामांना वाईट वाटू नये म्हणून, आणि केव्हा कोण जाणे, मला तो म्हातारा आवडायला लागला. शनिवारी संध्याकाळपासूनच मी त्याची वाट बघायला लागलो, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

रविवारचे नियम कडक होते. सकाळी दहाला बसायचं. चपला बाहेर. सुपारी कातरायची नाही. मध्येच 'वा' म्हणायचं नाही, कारण म्हातारा ऐकत असतो आणि आपल्या वाहवाने त्याला छत ऐकू येत नाही. मामींनी आपला स्वयंपाक त्याच्यावर लावून घेतला होता. पहिली बाजू सुरू झाली की त्या तांदूळ वैरायच्या आणि बाजू संपली की पातेलं उतरवायच्या. भात कधी कच्चा राहिला नाही की कधी लागला नाही. "तुमच्या मामाचा भरोसा नाही," त्या म्हणत, "पर म्हातारा टाइमाचा पक्का हाय."

एकदा नव्या मॅनेजरसाहेबांकडे पुण्याचे कुणी पाहुणे आले होते. संगीतातले जाणकार. खाणीत पियानोच्या रेकॉर्डी आहेत हे ऐकून ते मामांच्या खाटेवर येऊन बसले, डोळे मिटले आणि बाजू संपल्यावर बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले की हाच कलावंत त्यांनी तरुणपणच्या रेकॉर्डींवर ऐकला होता, तेव्हा तो नुसता धबधबा होता. आणि आता ही लय बघा. इतकी संथ लय जगात कुणी घेऊ धजणार नाही. सगळं सोडून दिलेल्या माणसालाच हे जमतं. सूरसुद्धा कसे खोल, गंभीर झालेत. उतारवयात कलावंत काळाच्या पलीकडे जातो तो असा.

साहेबांनी मान डोलावली. मीही डोलावली. पाहुणे गेल्यावर मामा म्हणाले, "मानूस शिकेल हाय, पर बोलते बरोबर."

ती सायकलची ट्यूब त्या वेळी आमच्यापासून हातभर अंतरावर प्लेअरच्या पोटात फिरत होती.

आता खुर्चीचं सांगतो. तिसऱ्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला, अगदी हळू वाजवता वाजवता, एका ठिकाणी म्हातारा बसल्या जागी जरा सरकतो आणि त्याची खुर्ची करकरते. लांब, जाड, दार उघडल्यासारखी करकर. ही जागा आली की मामा डोळे मिटून उजव्या हाताचं बोट वर करायचे. मग माझ्याकडे बघून विचारायचे, "आली का?"

"आली, मामा."

की झालं, रविवार संपला. मला वाटायचं, माझं लक्ष आहे का हे ते तपासताहेत. तसं नव्हतं, हे मला वर्षाच्या वैद्यकीय तपासणीच्या दिवशी कळलं.

दरवर्षी बाहेरून एक डॉक्टर यायचे आणि खाली उतरणाऱ्या सगळ्यांचे डोळे, छाती, कान बघायचे. कानाची परीक्षा अशी, की डॉक्टर पाठीमागे काही पावलांवर उभे राहून हळू आवाजात प्रश्न विचारणार आणि माणसाने उत्तर द्यायचं. जुने डॉक्टर दरवर्षी तेच तीन प्रश्न विचारत: नाव काय, गाव कोणतं, मुलं किती. त्या वर्षी नवे डॉक्टर आले. मी रजिस्टर घेऊन बाजूला उभा होतो. मामांच्या पाठीमागे जाऊन डॉक्टरांनी हळूच विचारलं, "जेवण झालं का?"

मामांनी खणखणीत आवाजात स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव सांगितलं.

डॉक्टर हसले. "काय जेवलात?"

"आंबागड."

"बरोबर काय होतं?"

"तीन पोरी."

डॉक्टरांना इतकं हसू आलं की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. गडी गमत्या दिसतो, असं म्हणून त्यांनी 'योग्य' असं सांगितलं आणि मी रजिस्टरात तसं लिहिलं. मी हसलो नाही. मला कळलं होतं. पण मामांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती, खाणीखेरीज त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि मेटाचा कान गेला म्हणजे मेटच गेला. मी सही केली.

वाटेत मात्र राहवलं नाही. "मामा, डॉक्टर काय बोलले ते आयकू आलं होतं का?"

"तो पुटपुटते," मामा म्हणाले. "बोलनं आयकू नाही येत तो लोकाईच्या तोंडाचा दोस हाय. मले खुर्ची आयकू येते. जवरी खुर्ची येते तवरी मी खाली जाईन. ज्या रविवारी नाही येनार, त्या सोमवारी सब्बल ठेवून देईन. मी कायले वीस जनाईच्या जिवाशी खेळू?"

म्हणजे दर रविवारी ते स्वतःची परीक्षा घेत होते आणि मी साक्षीदार होतो. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. खुर्ची मी स्वतः ऐकत होतो, मामांचं बोट बरोबर त्याच क्षणाला वर जात होतं. डॉक्टरांपेक्षा खुर्ची बरी, असं मी मनाला समजावलं आणि मन समजलंही. मन फार लवकर समजतं.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी भर वाजवताना ट्यूब तुटली. म्हातारा कण्हल्यासारखा खाली खाली गेला आणि थांबला. मामींनी आतून विचारलं, "झोपला का?" सायकलवाला तेव्हा लग्नाला बालाघाटला गेला होता. मला दोन दिवसांनी औषधं आणायला नागपूरला जायचंच होतं, म्हणून मी तुटलेली ट्यूब खिशात घातली आणि तिथल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दाखवली.

दुकानदाराने ती दोन बोटांत धरली. "यह क्या है?"

"प्लेअरचा पट्टा."

"अरे भाऊ, ही सायकलची ट्यूब आहे. इतकी जाड. घसरत असंल, मशीन बैलगाडीवानी चालत असंल." त्याने मॉडेल विचारलं आणि कंपनीचा खरा पट्टा काढून दिला. बारीक, काळा, नवाकोरा. मामांना काही द्यायची संधी मला कधी मिळाली नव्हती. मी तो औषधांपेक्षा जपून आणला.

रविवारी दहाला पट्टा चढवला, मामांनी पहिली रेकॉर्ड लावली आणि आम्ही दोघंही दचकलो. पेटीतून कुणी भलताच माणूस बाहेर आला होता. चालत होता, हसत होता, मध्ये मध्ये चक्क उड्या मारत होता. सत्याहत्तर वर्षांचा माणूस.

"हा कोन?" मामांनी विचारलं.

"तोच हाय, मामा."

"तो नोय."

"रेकॉर्ड तीच हाय. पट्टा नवा हाय."

बाजू संपली. मामी हातात डाव घेऊन दारात आल्या. डावावर चार शितं होती. "भात कच्चा राह्यला ना जी," त्या म्हणाल्या. "म्हातारा आज आदीच उठला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारा कधीच संथ नव्हता. काळाच्या पलीकडे वगैरे कुणी गेलं नव्हतं. ट्यूब घसरत होती. पुण्याच्या पाहुण्यांचा चेहरा मला आठवला आणि मी हसायला लागलो. मामीही हसायला लागल्या. मामा हसले नाहीत. त्यांनी तिसरी रेकॉर्ड काढली, दुसरी बाजू वर केली आणि सुई ठेवली.

ती जागा आली. खुर्ची करकरली. पण आता ती करकर लांब आणि जाड नव्हती. चिमणीच्या पिल्लासारखी बारीक चूं झाली आणि गेली. मी मामांच्या बोटाकडे बघितलं. बोट मांडीवरच होतं.

त्यांनी सुई मागे घेतली. पुन्हा ऐकलं. आणखी एकदा ऐकलं. ती जागा त्यांना झोपेतही माहीत होती, बोट नुसतं उचलायचं होतं. डॉक्टरांपुढे त्यांनी तीन पोरी सांगितल्या होत्या, पण म्हाताऱ्यापुढे बोट उचललं नाही.

"आली का?" त्यांनी मला विचारलं.

मी खोटं बोलू शकलो असतो. "आली, मामा. तिन्ही वेळा."

"हं."

"पट्ट्यामुळं होऊन राह्यलं ते. हळू फिरलं की आवाज जाड येते, जोरात फिरलं की बारीक. मी उद्या ट्यूब लावून देतो."

"खरा कोन? पट्टा का ट्यूब?"

"पट्टा."

मामांनी सुई उचलून ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या डागदरच्या दिवशी तुले समजलं होतं?"

"हो."

"मंग काहून नाही बोलला?"

"तुमची नोकरी गेली असती, मामा."

"म्हंजे माया नोकरीची छत तू धरून ठेवली," ते म्हणाले, "अन् वीस जनाईची सोडून देली."

ते रागावले नव्हते. छत ठोकून झाल्यावर निकाल सांगतात तसं त्यांनी ते सांगितलं, आणि मला आयुष्यात इतकी शरम कधी वाटली नव्हती. मला तेव्हा भद्द म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी तेवढं म्हटलं नाही.

सोमवारी मामा सब्बल घेऊन खाणीऐवजी ऑफिसात गेले आणि ती साहेबांच्या टेबलावर ठेवली. टेबलावरची काच तडकली. "साहेब, कान भद्द झाला," ते म्हणाले. साहेबांनी रजिस्टर मागवलं, आठच महिन्यांपूर्वीची नोंद दाखवली. मामा म्हणाले, "तो पेपर मी पाठ करून गेलतो." साहेबांनी रजिस्टर मिटलं. शेवटी मामांना वर, बत्तीघरात घेतलं. खाली जाणाऱ्याला डोक्याला लावायची बत्ती द्यायची आणि परत आल्यावर मोजून घ्यायची, एवढंच काम. मामा निघाले तेव्हा साहेबांनी विचारलं, मेट कुणाला करू? मामांनी पेटीमास्तरचं नाव सांगितलं.

"तो तं पळते म्हनत होते तुमी," संध्याकाळी मी मामांना म्हणालो.

"पळते. पर बेसूर झालं का थांबते. थांबनारा कान पाह्यजे. पळनं मी सोडवतो."

मग रविवारी आम्ही तिघं झालो. पेटीमास्तर चपला बाहेर काढून, हात बांधून बसायचा. मामा नव्या पट्ट्यावर म्हातारा लावायचे आणि त्याला ती बारीक चूं पकडायला लावायचे. पहिल्या दोन रविवारी त्याला ती सापडली नाही. तिसऱ्या रविवारी त्याचं बोट वर गेलं. मामांना आता ते ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. या वेळी मी नीट ऐकून मान हलवली होती. सोमवारी पेटीमास्तर सब्बल घेऊन खाली गेला, आणि मामा बत्तीघराच्या दारात पाळी सुटेस्तोवर उभे होते, मग बत्त्या मोजून घेतल्या. वीसच्या वीस.

पावसाळा संपता संपता एका रविवारी मला जायला उशीर झाला. माझ्या क्वार्टरमधून भिंतीपलीकडचं ऐकू यायचं. पेटीमास्तरची परीक्षा संपलेली दिसत होती आणि तरीही म्हातारा वाजत होता. एक सूर पडला, खोलीत फिरला, बाहेर मोहाला टेकून परत आला, आणि मग कुठे दुसरा.

मी गेलो. मामा एकटेच बसले होते. काढलेला पट्टा कव्हरावर नीट ठेवलेला होता.

"ट्यूब लावली, मामा?"

"सायकलवाल्यानं नवी कापून देली ना. आदी पट्ट्यावर आयकतो, तो खानीसाठी. मंग ट्यूब." त्यांचं बोट वर गेलं. पाठोपाठ खुर्ची करकरली, लांब, जाड, दार उघडल्यासारखी. "आली का?"

"आली. पर ही खोटी हाय ना, मामा?"

"मालूम हाय," ते डोळे न उघडता म्हणाले. "पर आता खोटी आयकू आली तरी चालते. कोनाच्या डोस्क्यावर काही पडत नाही."

बाजू संपली, आणि आतून मामींनी पातेलं उतरवल्याचा आवाज आला.